दुष्काळनिधि आणि गांवचें मंडळ

(दुष्काळ-निवारण समितीच्या सर्वसाधारण सभेंत समितीच्या एका वकील सभासदानें देणगीदारांपुढें केलेलें भाषण)



समितीच्या कामाचा जमाखर्च आपणांपुढें स्वतंत्र ठेवलाच आहे. त्याची छाननी करण्याचा आपला अधिकार आहे, आणि ती आपण कसून करावी अशी आमची विनंति आहे. कारण ज्या पैशाचा हिशेब कोणी विचारीत नाहीं तो पैसा फार दिवस स्वच्छ राहात नाहीं, असा आम्हां वकिलांचा अनुभव आहे. परंतु आज आम्ही उभे राहिलों आहों ते जमाखर्च वाचून दाखविण्याकरितां नव्हे. समितीनें एक ठराव आपल्या विचारार्थ मांडला आहे. निधीचा एकतृतीयांश भाग यापुढें धान्य, वैरण व टँकर यांवर खर्च न करतां, गांवोगांवच्या ग्रामसुधारणा मंडळांच्या हातीं, कांहीं निश्चित अटींवर, तीन वर्षांच्या मुदतीनें द्यावा, असा तो ठराव आहे. या ठरावाला आपणांपैकीं अनेकांचा विरोध आहे हें आम्हांस ठाऊक आहे. तो विरोध अविचारानें केलेला नाहीं. सबब त्याचें उत्तरही विचारपूर्वक दिलें पाहिजे.

विरोध करणारांचें म्हणणें थोडक्यांत असें: भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी आणि मुक्या जनावराला वैरण देणें हा दुष्काळनिधीचा धर्म आहे. नाला बांधणें, डोंगरावर चर खणणें, गांवचे तंटे मिटविणें हीं कामें सरकारचीं वा पंचायतीचीं आहेत. त्यांत निधि घातला तर भुकेल्याच्या तोंडचा घांस काढून तो दगडमातींत पुरल्यासारखें होईल. हें म्हणणें ऐकून कोणाचेंही मन हेलावेल. म्हणून प्रथम इतिहास या प्रश्नावर काय सांगतो तें पाहूं.

१८७६ ते १८७८ या सालांत दख्खनवर मोठा दुष्काळ आला. त्या वेळीं पुण्याच्या सार्वजनिक सभेनें, जी १८७० सालीं स्थापन झाली होती, जिल्ह्याजिल्ह्यांतून गांवांच्या खऱ्या स्थितीची माहिती गोळा केली आणि ती सरकारपुढें मांडली. अन्नदान करणारे धर्मात्मे तेव्हांही होते. पण माहिती, हिशेब आणि गाऱ्हाणें यांची जी शिस्त त्या सभेनें घालून दिली, तिचें मोल अन्नदानाहून कमी नव्हतें. पुढें १८८० सालीं फॅमिन कमिशननें आपला अहवाल दिला, त्यावरून फॅमिन कोड तयार झाले, आणि धडधाकट माणसाला फुकट शिधा न देतां काम द्यावें हें तत्त्व कायम झालें. १८८३ सालीं जमीनसुधारणेच्या कर्जाचा, म्हणजे आपण ज्याला तगाई म्हणतों तिचा, कायदा झाला तोही याच विचाराचा. दुष्काळाचा पैसा जमिनीवर कांहीं टिकाऊ उभें करण्यांत घालावा ही कल्पना अशी दीडशें वर्षांची जुनी आहे. ती समितीनें आज नव्यानें काढलेली नाहीं.

त्यानंतर १९७२ सालचा दुष्काळ आला. तो आपल्यांतील वृद्धांनीं डोळ्यांनीं पाहिला आहे. १९७३ च्या मे महिन्यांत महाराष्ट्रांत सुमारें ५० लक्ष माणसें दुष्काळी कामांवर होतीं. लाल मिलो आणि सुकडी खाऊन त्यांनीं रस्ते केले, पाझर तलाव केले आणि खडी फोडली. याच काळांत रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. वि. स. पागे यांच्या पुढाकारानें तिला १९७७ सालीं कायद्याचें रूप आलें आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो कायदा अंमलांत आला. पुढें २००५ सालीं साऱ्या देशाकरितां असा कायदा झाला, तेव्हां महाराष्ट्राचाच अनुभव पुढें होता. या व्यवस्थेमुळें दुष्काळांत माणूस वांचूं लागला. हें मोठें यश आहे, आणि तें नाकबूल करणें कृतघ्नपणाचें होईल.

परंतु माणूस वांचला तरी गांव पुनःपुन्हां कोरडें पडत राहिलें. २०१२-१३ सालीं जनावरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या. २०१६ च्या एप्रिल महिन्यांत लातूर शहराला मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून सुमारें ५ लक्ष लिटर पाणी गेलें. ज्यांनीं तें पाणी पोंचविलें त्यांचे उपकारच आहेत. पण ज्या प्रांतांत नदीचें पाणी रुळांवरून न्यावें लागतें, त्या प्रांतांतील विचारी माणसांनीं केवळ दान वाढवून स्वस्थ बसणें योग्य होईल काय?

आपणांपैकीं बहुतेक पेढीवर बसणारे आहांत. सबब हा प्रश्न आम्ही वहीच्या भाषेंत मांडतों. एक मध्यम गांव डोळ्यांपुढें आणा. शिवार १००० हेक्टरांचें, वस्ती १५०० माणसांची. वर्षाचा पाऊस केवळ ४०० मिलिमीटर, म्हणजे अवर्षणाच्या पट्ट्यांतला, धरा. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरावर पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी होतें. त्या हिशेबानें या शिवारांत वर्षाला ४०० कोटि लिटर पाणी पडतें. ही झाली जमेची बाजू. आतां खर्च पहा. सरकारनें गांवांच्या नळयोजनांकरितां माणशीं रोज ५५ लिटर पाणी धरलें आहे. त्या प्रमाणानें १५०० माणसांस वर्षाला सुमारें ३ कोटि लिटर लागेल. ५०० मोठीं जनावरें धरलीं आणि प्रत्येकास दिवसाला ५० लिटर दिलें, तर आणखी ९१ लक्ष लिटर. म्हणजे माणसें व गुरें मिळून ४ कोटि लिटरांच्या आंतच भागतें. आकाशांतून पडलेल्या पाण्याचा हा शंभरावा हिस्साही नाहीं. असें असतां त्या गांवाला मार्चांत टँकर कां लागावा?

याचें एक कारण असें कीं, पडलेलें पाणी सारें हातीं लागत नाहीं. कांहीं वाहून जातें, कांहीं उन्हानें आटतें, कांहीं पिकें व गवत पितात. हें खरें. पण दुसरें कारण याहून मोठें आहे. पाट-पाण्यावरील एक हेक्टर ऊंस वर्षाला सुमारें २ कोटि लिटर पाणी घेतो. म्हणजे दोन हेक्टर ऊंस हा त्या सबंध गांवाच्या माणसांचें आणि गुरांचें वर्षभराचें पाणी पिऊन टाकतो. हा ऊंस लावणारा मनुष्य दुष्ट असतो असें मुळींच नाहीं. त्याच्या शेतांत विहीर आहे, त्याच्या पिकाला कायद्यानें ठरलेला दर आहे, आणि त्याला मुलीचें लग्न करावयाचें आहे. परंतु त्याच्या विहिरीचें पाणी केवळ त्याचें नसतें. आपला मुलूख काळ्या पाषाणाचा. वरचा मुरमाचा थर पाणी धरतो. त्याखालीं कातळ लागला म्हणजे पाणी राहतें तें फक्त भेगांत. बोअर सहाशें फूट खोल नेली म्हणून नवें पाणी उत्पन्न होत नाहीं. बहुधा शेजाऱ्याच्या विहिरीचें पाणी खालच्या वाटेनें आपल्याकडे येतें. मग शेजारी सातशें फूट जातो. शेवटीं दोघेही कर्जांत, आणि गांवची पिण्याची विहीर कोरडी. या चढाओढीला समितीचा टँकर हें उत्तर होऊं शकत नाहीं. उलट टँकर वेळेवर येतो म्हणून ती चढाओढ निर्धास्तपणें चालते, असेंही कोणी म्हटल्यास आम्ही तें खोडून काढूं शकत नाहीं.

येथें आमच्या धंद्याचे दोन शब्द बोलणें अवश्य आहे. जमिनीखालचें पाणी निश्चित प्रवाहांतून वाहत नसेल तर तें आपल्या हद्दींत काढून घेण्याचा मालकाचा हक्क १८८२ च्या इझमेंटच्या कायद्यानें मानला आहे. बैलाची मोट चालत होती तोंवर या हक्कानें कोणाचें फारसें नुकसान झालें नाहीं, कारण बैल दमत असे. विजेचा पंप दमत नाहीं. म्हणून १९९३ सालीं महाराष्ट्रांत पिण्याच्या पाण्याच्या रक्षणार्थ कायदा झाला, आणि सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरांच्या आंत परवानगीवांचून नवी विहीर घेण्यास बंदी झाली. त्याहून व्यापक असा २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून अंमलांत आला. कायद्याची उणीव नाहीं. पण कायदा तालुक्याच्या कपाटांत असतो आणि बोअरचें यंत्र रात्रीं शेतांत उभें असतें. एक अंमलदार किती शिवारांवर पहारा ठेवणार? पाण्याचा नियम पाळला जातो तो ज्या गांवीं शेजाऱ्यानें शेजाऱ्यासमक्ष तो कबूल केला असेल तेथेंच. असा कबुलीजबाब घडवून आणणारी संस्था गांवांत असणें, हीच दुष्काळनिवारणाची खरी किल्ली होय, असें आमचें मत बनलें आहे.

अशा संस्था आपल्या मुलखाला अपरिचित नाहींत. धुळें व नाशिक या जिल्ह्यांत पांझरा, मोसम इत्यादि नद्यांवर फड पद्धत कित्येक पिढ्या चालत आली. नदीवर बंधारा, त्यांतून पाट, आणि पाटाखालचें शिवार कांहीं फडांत वांटलेलें. एका फडांत एका हंगामांत एकच पीक. शेतकऱ्यानें स्वतः पाट फोडावयाचा नाहीं; पाणी पाटकऱ्यानें द्यावयाचें. राखणीला जागल्या, तंटा पडल्यास निवाडा पंचांचा, आणि हरसाल पाट साफ करण्याकरितां खातेदारांचे श्रम. पाणी थोडें आलें तर सर्वांच्याच फडांत थोडें भिजे. पुढें विहिरी, पंप आणि मोठीं धरणें आलीं, तशी ही पद्धत पुष्कळ ठिकाणीं मोडकळीस आली. पण आपला शेतकरी नियमानें पाणी वांटून घेऊं शकत नाहीं, असें म्हणणाराचें तोंड बंद करण्यास तिचें उदाहरण पुरेसें आहे.

दुसरें उदाहरण पुरंदर तालुक्यांतील नायगांवचें. १९७२ च्या दुष्काळांत विलासराव साळुंखे हे पुण्याचे कारखानदार त्या भागांत गेले. आपल्यासारखेच ते व्यवसायांतले गृहस्थ. देणगी देऊन परतण्याऐवजीं त्यांनीं देवस्थानची ४० एकर पडीक जमीन ५० वर्षांच्या पट्ट्यानें घेतली, आणि पावसाचें पाणी अडवून ती पिकती करून दाखविली. त्यांतून पाणी पंचायतीची चळवळ निघाली. तिचे नियम आपण लक्षपूर्वक ऐकावे. पाणी जमिनीच्या मानानें मिळावयाचें नाहीं, घरांतील माणसांच्या मानानें मिळावयाचें. माणशीं अर्धा एकर आणि कुटुंबास फार तर अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जावयाचा नाहीं. ऊंस लावावयाचा नाहीं. आणि योजनेच्या खर्चाचा पांचवा हिस्सा लाभ घेणारांनीं स्वतः आधीं भरावयाचा. साळुंखे २००२ सालीं वारले. परंतु पाण्याची वांटणी न्यायानें करतां येते हें त्यांनीं कागदावर नव्हे, शेतांत सिद्ध केलें.

तिसरें उदाहरण हल्लीं अहिल्यानगर म्हणविल्या जाणाऱ्या नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारचें. दारू, भांडणें आणि पोटासाठीं गांव सोडून जाणें यांनीं हें गांव पोखरून गेलें होतें. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार हे पदवीधर तरुण तेथें सरपंच झाले. शेजारच्या राळेगणसिद्धीनें १९७५ नंतर जो मार्ग दाखविला होता, तो यांनीं धरला: श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी आणि लहान कुटुंब. १९९४ पासून आदर्श गांव योजनेचें साह्य मिळालें. डोंगरावर चर आणि ओढ्यांवर बांध झाले. येथवरची गोष्ट पुष्कळांस ठाऊक असते. तिच्यापुढील भाग आमच्या मतें अधिक महत्त्वाचा आहे. त्या गांवानें शेतीकरितां बोअर घेण्यास मनाई केली, आणि उंसासारख्या फार पाणी पिणाऱ्या पिकांस रजा दिली. पावसाळा संपल्यावर पाणी किती सांठलें तें मोजून, प्रथम पिण्याचें, मग गुरांचें, आणि उरल्यास पिकांचें, असा पाण्याचा अंदाजपत्रकी हिशेब गांव दरवर्षीं ग्रामसभेंत मांडूं लागलें. पवारांस २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली. बांध पुष्कळ गांवांनीं बांधले. पण ज्या गांवीं अडविलेल्या पाण्यावर नियम नव्हता, तेथें बांधाच्या खालच्या अंगास नव्या बोअरी झाल्या, पाणी चार धनिकांच्या शेतांत गेलें, आणि सारा गांव पुन्हां टँकरच्या रांगेंत उभा राहिला. बांध हें भांडें आहे. भांड्यांत पडलेलें कोणीं, किती आणि केव्हां घ्यावें हें ठरविणारा गांवच असला पाहिजे.

आतां मुख्य आक्षेपांकडे वळूं. पहिला आक्षेप असा कीं, घांस काढला जाईल. तो जाणार नाहीं. दोनतृतीयांश निधि पूर्वीप्रमाणेंच अन्न, पाणी व वैरण यांकरितां राहील, आणि कडक दुष्काळ पडल्यास उरलेला भागही तिकडे वळविण्याचा अधिकार समितीनें ठरावांत राखून ठेवला आहे.

दुसरा आक्षेप: गांवांत तट असतात, पैसा एका तटाच्या हातीं जाईल. तट असतात हें आम्हांस कोणी सांगावयास नको; आमची निम्मी वकिली बांधाच्या आणि शिवरस्त्याच्या दाव्यांवर चालते. म्हणूनच समितीचा आग्रह असा कीं, मंडळानें आरंभ लहान कामानें करावा. पिण्याच्या विहिरीभोंवतीं फरशी बसवावी. सांडपाण्यासाठीं शोषखड्डे खणावे. चिखलांत रुतलेली पाणंद मोकळी करावी. शाळेचें गळतें छप्पर शाकारावें. स्मशानाची वाट नीट करावी. या कामांत पैसा थोडा लागतो, पण गांवाची परीक्षा पुरती होते. ज्या मंडळानें पाणंदीवरील दोन्ही बाजूंचीं अतिक्रमणें, आपल्या व परक्याच्या असा भेद न करतां, समजुतीनें काढविलीं, त्या मंडळाचा शब्द पुढें पाण्याच्या बाबतींतही चालेल. ज्याला पाणंद मोकळी करवतां आली नाहीं, त्याच्या हातीं बांधाचा पैसा देण्याची घाई समिति करणार नाहीं.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो आपणांकडून न येतां गांवांतील गरीबांकडून येतो. ते म्हणतात: डोंगरावर चर आम्हीं खणावयाचे, शेळ्यामेंढ्यांची चराई आमची बंद व्हावयाची, आणि वाढलेलें पाणी मात्र ओढ्याकांठच्या जमीनदाराच्या विहिरीला. महाराज, हें म्हणणें खरें आहे. पाणी उताराकडे जातें, आणि उताराची जमीन बहुधा पैसेवाल्याची असते. या अन्यायाची तोड काढल्यावांचून चराईबंदीचा ठराव करणें म्हणजे गरीबाच्या शेळीवर श्रीमंताची बाग लावणें होय. याकरितां समितीनें अटी घातल्या आहेत, त्या अशा.

पहिली अट: मंडळाची निवड ग्रामसभेंत व्हावी. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीनें ग्रामसभेला राज्यघटनेंत स्थान मिळालें आहे, आणि मंडळानें तिच्याशीं चुरस न करतां तिच्या आश्रयानें काम करावें. मंडळांत निम्म्या स्त्रिया असाव्या, कारण डोक्यावरून पाणी वाहणारीलाच त्याचें वजन कळतें. आणि प्रत्येक वस्तीचा, त्यांत भूमिहीनांचा व मेंढपाळांचाही, माणूस असावा.

दुसरी अट: गांवानें आपला हिस्सा, रोख वा श्रमानें, आधीं घालावा. फुकट आलेल्या बांधाचा गाळ कोणी काढीत नाहीं.

तिसरी अट: पहिली कुदळ मारण्यापूर्वीं पाण्याचा लेखी करार व्हावा. त्यांत पिण्याचें पाणी प्रथम, शेतीसाठीं नवी बोअर नाहीं, आणि उंसाच्या क्षेत्रावर मर्यादा, हीं कलमें असावीं. आणि त्यावर पहिली सही गांवांतील सर्वांत मोठ्या जमीनदाराची असावी.

चौथी अट: चराईबंदी एकदम साऱ्या डोंगरावर न करतां तुकड्यातुकड्यानें व्हावी. राखलेल्या रानांतील गवत विळ्यानें कापून नेण्याचा पहिला हक्क ज्यांची चराई बंद झाली त्यांचा असावा. भूमिहीन कुटुंबांस मजुरीखेरीज पाण्याचाही वांटा, नायगांवच्या धर्तीवर, मिळावा.

पांचवी अट: मंडळ कायद्यानें नोंदलेलें असावें, त्याचा जमाखर्च दरमहा चावडीच्या भिंतीवर लागावा आणि ग्रामसभेंत वाचला जावा. पैसा हप्त्यांनीं मिळेल. मागील हप्त्याचा हिशेब पुरा झाल्यावांचून पुढील मिळणार नाहीं. आणि शेवटचा हप्ता केवळ गाळ काढणें व डागडुजी यांकरितां राहील.

या अटींवर कितीशीं गांवें उभीं राहतील, असें आपण विचाराल. आरंभीं थोडीं. हिवरे बाजारसारखें यश पुढाऱ्याच्या चिकाटीवर पुष्कळ अवलंबून असतें, आणि असा पुढारी प्रत्येक गांवीं जन्मत नाहीं. परंतु फडांचे पंच आणि पाटकरी हे कोणी असामान्य पुरुष नव्हते. साध्या माणसांकडून पिढ्यान् पिढ्या काम करवून घेईल असा नियम त्यांच्याजवळ होता. समितीला पुढाऱ्यांची वाट पाहावयाची नाहीं. तिला नियमाला बळ द्यावयाचें आहे.

आतां मागणें. व्यापारी बंधूंनो, आपणांपाशीं आम्ही तीन गोष्टी मागतों. एक, निधीला पैसा. आणि ज्या मोठ्या कंपन्यांस २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वयें सरासरी नफ्याचा २ टक्के भाग समाजकार्यांत खर्चावा लागतो, त्यांच्याकडे आपला शब्द. दुसरी, आपला मुनीम. वर्षांतून आठ दिवस आपल्या पेढीचा एक जाणता मुनीम मंडळाला कीर्द-खतावणी शिकविण्यास द्यावा. या देणगीस खर्च थोडा आणि फळ मोठें. तिसरी, आपला सौदा. शेतकरी उंसाकडे वळतो तो त्याचा घेणारा आधीं ठरलेला असतो म्हणून. ज्या गांवानें ऊंस सोडला त्याची ज्वारी, तूर आणि हरभरा रास्त भावानें घेण्याचें वचन आपण पेरणीपूर्वीं द्याल, तर त्या गांवाचा पाण्याचा करार समितीच्या कोणत्याही अटीहून अधिक मजबूत होईल.

जमीनदार बंधूंनो, आपल्यापाशीं आम्ही पैशाहून अवघड वस्तु मागतों. ती म्हणजे आपली सही. कायद्यानें आपला हक्क शाबूत आहे, आणि वकील म्हणून तो हक्क कोर्टांत मांडण्यास आम्हीच उभे राहूं. परंतु हक्क असणें आणि पाणी असणें या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजाऱ्याच्या विहिरीहून शंभर फूट खोल जाण्याचा हक्क आपणांस आहे, तसाच तो आपल्या शेजाऱ्यालाही आहे, आणि या हक्कांच्या शर्यतींत आजवर जिंकला तो फक्त बोअर खणणारा. गांवच्या करारावर आपण प्रथम सही केलीत तर पाण्याचा वांटा कमी होईल, पण तो दरवर्षीं मिळेल. आपल्यामागून साधा शेतकरी सही करील, आणि डोंगरावर चर खणणाऱ्या मजुरास आपण कोणाकरितां घाम गाळतों आहों याचा विषाद वाटणार नाहीं.

गृहस्थहो, टँकर आला म्हणजे हंडा घेऊन धांवणारें गांव आणि पाण्याचा हिशेब मांडणारें गांव, या दोहोंत पावसाचें अंतर पुष्कळदां फार थोडें असतें. पाऊस आपल्या हातीं नाहीं. ठराव आपल्या हातीं आहे. सभेच्या दाराशीं दोन वह्या ठेविल्या आहेत: एक देणगीची, आणि दुसरी पाण्याच्या करारास संमति देणाऱ्या जमीनदारांची. पहिली वही भरेल याविषयीं आम्हांस शंका नाहीं. या शहराच्या औदार्यास आजवर उणेपणा आलेला नाहीं. दुसऱ्या वहींत जीं नांवें पडतील त्यांवरच हा ठराव तरेल किंवा बुडेल. आपण जातांना दोन्ही वह्यांपाशीं क्षणभर थांबावें, इतकी आमची विनंति आहे.